सीनचं पाणी जोखताना : पॅरिसमधली एक रद्द झालेली सकाळ

३० जुलै २०२४. सकाळी आठ वाजता पॅरिसमध्ये पुरुषांची ऑलिंपिक ट्रायथलॉन सुरू व्हायची होती. सीन नदीवरचा पाँ अलेक्झांद्र त्रुआ हा सोनेरी पुतळ्यांचा पूल, त्याला लागून तरंगता धक्का, त्यावरून ५५ जणांनी एकदम उडी घ्यायची, दीड किलोमीटर पोहायचं, मग ४० किलोमीटर सायकल आणि शेवटी १० किलोमीटर धावायचं. झोप, जेवण, शौच, सगळं त्या आठच्या ठोक्याला बांधलेलं. आणि उजाडायच्या आत निरोप आला की आज नाही, पाणी मर्यादेत बसत नाही. उद्या, ३१ तारखेला, आधी बायकांची शर्यत होईल आणि तिच्यामागून पुरुषांची.

दुसऱ्या दिवशी दोन्ही शर्यती झाल्या. आठ वाजता बायकांची, पावणेअकराला पुरुषांची. फ्रान्सची कासांद्र बोग्रां आणि ब्रिटनचा अ‍ॅलेक्स यी जिंकले. जगाने टाळ्या वाजवल्या आणि विषय ‘सीन स्वच्छ की घाण’ या वादात गेला. मला तो वाद कंटाळवाणा वाटतो. नदी स्वच्छ किंवा घाण अशी कायमची नसतेच. मंगळवारी नाही म्हटलेली नदी बुधवारी चालली, आणि तीही त्याच जागी, त्याच पुलाखाली. मधल्या चोवीस तासांत नेमकं काय बदललं, ते कोणी कसं मोजलं आणि कशाच्या भरवशावर हो म्हटलं, हे प्रकरण मला जास्त मोलाचं वाटतं. पुण्याच्या आसपासच्या तलावांत पोहणाऱ्या आमच्या छोट्या गटात दर रविवारी हाच प्रश्न असतो. फक्त आमच्याकडे प्रयोगशाळा नाही आणि कॅमेरेही नाहीत.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या पहाटेचा ताण कळत नाही. सीनमध्ये पोहायला १९२३ पासून बंदी होती. जाक शिराक महापौर असताना त्यांनी १९९० मध्ये सांगून टाकलं होतं की तीन वर्षांत मी स्वतः सीनमध्ये पोहून दाखवीन. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण नदीत काही उतरले नाहीत. पुढे ऑलिंपिक मिळाल्यावर ही जुनी उधारी फेडायची ठरली आणि सुमारे १.४ अब्ज युरो खर्चून नदी पोहण्याजोगी करण्याची कामं हाती घेतली गेली. १७ जुलै २०२४ ला महापौर आन इदाल्गो पत्रकारांसमोर पाण्यात उतरल्या. क्रीडामंत्री त्यांच्या चार दिवस आधी उतरल्या होत्या. म्हणजे ३० जुलैच्या पहाटे नाही म्हणणं हे एका शर्यतीपुरतं नव्हतं, शंभर वर्षांच्या आणि दीड अब्जाच्या प्रतिष्ठेला नाही म्हणणं होतं. तरी ते म्हटलं गेलं, याचं श्रेय मी आधीच देऊन टाकतो.

पाऊस पडला की काय होतं

पॅरिसची गटारं एकोणिसाव्या शतकातली. ओस्मान साहेबांनी, म्हणजे त्या काळच्या तिथल्या प्रशासकाने, शहर उकरलं तेव्हा बेलग्रां नावाच्या अभियंत्याने खालचं जाळं उभं केलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पावसाचं पाणी आणि घरांचं मैलापाणी एकाच बोगद्यातून वाहतं. कोरड्या दिवशी सगळं शुद्धीकरण केंद्राकडे जातं. जोराचा पाऊस आला की बोगदा तुडुंब भरतो. ते पाणी उलटून लोकांच्या तळघरांत शिरू नये म्हणून ठिकठिकाणी सांडवे ठेवलेले आहेत, आणि ते सांडवे थेट नदीत उघडतात. धरणाचा सांडवा आपल्याला चांगला ठाऊक आहे. इथे फक्त त्यातून येणारं पाणी वेगळ्या जातीचं.

आपल्या शहरांत कागदावर तरी पावसाळी गटार वेगळं आणि ड्रेनेज वेगळं असतं. प्रत्यक्षात ओढ्यात बाराही महिने काय वाहतं ते ओढ्याकाठी राहणाऱ्याला विचारा. पॅरिसमध्येही ही भानगड होतीच. नदीच्या वरच्या अंगाला, उपनगरांत, हजारो घरांचं मैलापाणी चुकीच्या नळाला जोडलेलं निघालं. नदीत नांगरलेल्या घरनौकांचं सांडपाणी तर सरळ खाली पडायचं. त्या जोडण्या दुरुस्त करणं हे दीड अब्जातलं सगळ्यात रटाळ काम, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. फोटो मात्र ऑस्टरलिट्झच्या टाकीचे छापून आले. रेल्वे स्टेशनाजवळ जमिनीखाली बांधलेली ही गोल टाकी ५० मीटर रुंद आहे, तीस मीटरहून खोल आहे आणि ५०,००० घनमीटर पाणी पोटात घेते. ऑलिंपिकचे वीस तलाव भरतील इतकं. पावसाच्या वेळी जादा पाणी नदीत न सोडता हिच्यात साठवायचं आणि पाऊस ओसरला की सावकाश शुद्धीकरणाला पाठवायचं. मे २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं.

टाकी मोठी खरी, पण ती काही पाऊस थांबवत नाही. २६ जुलैला उद्घाटन सोहळा नदीवरच झाला आणि त्या संध्याकाळी पाऊस असा कोसळला की नाचणारे, गाणारे, बोटींवरचे खेळाडू, सगळे चिंब. दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच, स्केटबोर्डिंगची एक स्पर्धा त्यामुळे पुढे ढकलावी लागली. २८ तारखेचा ट्रायथलीटांचा नदीतला सराव रद्द झाला. २९ तारखेचाही झाला. ३० ला शर्यत.

मोजलं काय आणि कधी

पोहण्याच्या पाण्याची परीक्षा मुख्यतः दोन जंतूंवर होते, ई. कोलाय आणि एंटरोकोकाय. दोघंही माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहतात. ते पाण्यात सापडले म्हणजे विष्ठा पाण्यात आली आहे, आणि विष्ठेबरोबर आणखी काय काय आलं असेल ते देव जाणे. म्हणजे हे जंतू स्वतः गुन्हेगार असोत वा नसोत, घटनास्थळी सापडलेला पुरावा आहेत. या स्पर्धांसाठी धरलेली मर्यादा अशी : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलायचे १००० पेक्षा जास्त नकोत आणि एंटरोकोकायचे ४०० पेक्षा जास्त नकोत.

हे आकडे युरोपच्या २००६ च्या स्नानजल निर्देशातून ओळखीचे झालेले. त्या निर्देशात एक गंमत आहे, आणि नवख्या माणसाची तिथे हमखास फसगत होते. नदी-तलावांसाठी ‘उत्तम’ पाण्याची ई. कोलायची मर्यादा आहे ५००, ‘चांगल्या’ची १०००, आणि त्याखालच्या ‘पुरेशा’ श्रेणीची ९००. खालच्या श्रेणीला आकडा कडक कसा? कारण मोजायची पद्धत वेगळी. वरच्या दोन श्रेणींत शंभरातल्या पंचाण्णव नमुन्यांनी मर्यादेत बसावं लागतं, ‘पुरेशा’त नव्वदांनी बसलं की भागतं. आणि हा हिशेब एका दिवसाचा नसतो. तो चार हंगामांच्या नमुन्यांवर होतो. अशी श्रेणी सांगते की ही जागा साधारण कशी आहे. उद्या सकाळी आठ वाजता उतरू का, हे ती सांगू शकत नाही. ते तिचं कामच नाही. अमुक मुलगा पहिल्या वर्गात पास होतो हे ठाऊक असणं वेगळं आणि आज त्याला ताप आहे का हे बघणं वेगळं.

मग आजचा ताप बघायचा तर नमुना घ्यायचा. इथे खरी अडचण सुरू होते. प्रयोगशाळेत जंतू वाढवून मोजायला वेळ लागतो, नेहमीच्या पद्धतीने एक दिवस तरी धरा, काही पद्धतींना त्याहून जास्त. म्हणजे ३० तारखेच्या पहाटे बैठकीत बसलेल्या मंडळींच्या हातात २९ तारखेचं पाणी होतं. नदी एवढ्यात कितीतरी पुढे गेलेली. झटपट अंदाज देणारी यंत्रं आता निघाली आहेत, पण अधिकृत निकाल जंतू वाढवूनच लागतो.

कालच्या आकड्यावरून आजचं पाणी ओळखायचं तर मधली जागा कशाने तरी भरावी लागते. पॅरिसमध्ये ती हवामानाने भरली. वरच्या अंगाला पाऊस किती झाला, सांडवे उघडले का, नदीचा विसर्ग किती, ऊन कसं पडणार. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे जंतू मरतात, म्हणून लख्ख ऊन पडलेले दोन दिवस म्हणजे फुकटचं शुद्धीकरण. २९ आणि ३० जुलैला पॅरिसमध्ये कडक ऊन होतं. ३० तारखेला निर्णय ‘नाही’ झाला तेव्हा आलेख उतरणीला लागलेला होता, पण सगळ्या जागी मर्यादेच्या खाली गेलेला नव्हता. एक दिवस थांबलं तर बसेल, असा अंदाज बांधून शर्यत रद्द न करता पुढे ढकलली. वेळापत्रकात त्यासाठी राखीव दिवस आधीच ठेवलेले होते, २ ऑगस्टपर्यंत. ते नसते तर पोहणं गाळून नुसतं धावणं आणि सायकल, म्हणजे ड्युअ‍ॅथलॉन, हा शेवटचा पर्याय उरला असता.

या राखीव दिवसांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. पाण्याला ‘नाही’ म्हणायचं धैर्य स्वभावातून येतं असं आपण समजतो. मला वाटतं ते वेळापत्रकातून येतं. ज्याच्याकडे दुसरा दिवस आहे तो निवांत नाही म्हणतो. ज्याने शंभर लोकांचे पैसे घेतले आहेत, बस बाहेर उभी आहे, जेवण शिजतंय आणि उद्या सगळ्यांना ऑफिस आहे, तो गढूळ पाण्याकडे बघून म्हणतो, ‘एवढं काही नाही हो, चालतंय.’ मी ते वाक्य ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर एकदा म्हटलंयही.

२०२३ ची झडप

पॅरिसवाल्यांचा हा पहिला फटका नव्हता. वर्षभर आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, रंगीत तालमी झाल्या. महिन्याच्या सुरुवातीला खुल्या पाण्यातल्या पोहण्याची स्पर्धा पावसामुळे रद्द करावी लागली. ते समजण्यासारखं होतं. मग १७ आणि १८ तारखेला ट्रायथलॉनच्या वैयक्तिक शर्यती नदीत व्यवस्थित पार पडल्या. आणि १९ व २० ला, पॅरा-ट्रायथलॉन आणि मिश्र रिलेच्या वेळी, आकडे अचानक वर गेले आणि पोहणं गाळावं लागलं. या वेळी पावसावर ढकलता येईना. शोध घेतल्यावर शहराने कारण दिलं की मैलापाण्याच्या जाळ्यातली एक झडप बिघडली होती.

हे मला सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं पान वाटतं. पाऊस पडला तर पाणी बिघडतं, हा नियम सगळ्यांना पाठ होता. पण पाऊस नसेल तर पाणी बरं, हा त्याचा उलटा नियम कोणी सिद्ध केलेला नव्हता, तो नुसता गृहीत धरलेला. एका झडपेने तो खोटा पाडला. कोरड्या हवेत नदीकडे बघून कोणाला शंका आली असती? नमुने घेणं चालू होतं म्हणून कळलं. आमच्या गटातही पावसाळा संपला की सगळे सैल पडतात, ‘आता काय, पाणी निवळलं.’ निवळलेलं पाणी डोळ्याला निवळलेलं असतं. गाळ खाली बसतो, जंतूंना खाली बसायची सक्ती नाही.

दुसरं माप, ज्याच्याकडे कमी लक्ष गेलं

बातम्यांत सगळा भर ई. कोलायवर होता. पण त्या उन्हाळ्यात सीनचं दुसरं दुखणं होतं प्रवाह. उन्हाळ्यात पॅरिसमधून सेकंदाला शे-दीडशे घनमीटर पाणी वाहतं. २०२४ चा वसंत आणि जून पावसाचे गेले आणि जूनअखेरीस विसर्ग ४०० च्या वर होता. उद्घाटन सोहळ्याची बोटींची एक तालीम त्यामुळेच पुढे गेली. आपल्या पेपरांतल्या भाषेत सांगायचं तर सेकंदाला एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ क्युसेक्स, तेव्हा नेहमीचे पाच हजार क्युसेक्स आणि त्या वेळचे चौदा हजार. पुणेकरांना हे आकडे घरचे वाटतील. ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आठवड्यातच, २५ जुलै २०२४ ला, खडकवासल्यातून ३५,००० क्युसेक्सच्या आसपास पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं. मुठेचं पात्र सीनपेक्षा अरुंद, हेही ध्यानात घ्या.

प्रवाह म्हणजे काय ते तरणतलावातल्या माणसाला आकड्यांवाचून कळत नाही. पंचवीस मीटरचा तलाव तुम्ही तीस सेकंदांत ओलांडत असाल तर तुमचा वेग सेकंदाला साधारण ०.८३ मीटर, आणि तुम्ही बरे पोहणारे आहात. नदी सेकंदाला एक मीटर वाहत असेल तर प्रवाहाविरुद्ध जीव तोडून पोहूनही तुम्ही मागे मागे जाणार. ऑलिंपिकचे जलतरणपटू सेकंदाला दीड मीटरच्या आसपास जातात म्हणून त्यांचा निभाव लागतो. तरी पॅरिसमध्ये दिसलं काय? परतीच्या, वर जाणाऱ्या टप्प्यात सगळे जण घाटाच्या भिंतीला चिकटून रांगेने चाललेत. काठाशी पाण्याचा जोर कमी असतो म्हणून. ८ आणि ९ ऑगस्टच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत तर ही भिंत म्हणजे दुसरी लेनच झाली होती. नावाड्याला हे शिकवावं लागत नाही. नदी ओलांडायची तर आधी काठाकाठाने वर जायचं आणि मग सोडून द्यायचं, हे कोकणातल्या खाडीवरचं पोरही सांगेल.

माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे. जंतूंनी पोट बिघडतं, प्रवाहाने माणूस जातो. दोन्ही एकाच तक्त्यात मांडून त्यांची बेरीज करणं चूक आहे. जंतू ‘उत्तम’ आणि प्रवाह ‘वाईट’ म्हणून सरासरी ‘बरं’, असं होत नाही. ज्या मापाने जीव जातो त्याला एकट्याने नकार द्यायचा अधिकार असावा. पॅरिसच्या शर्यतीच्या महिनाभर आधी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. काही मिनिटांपूर्वी ज्या खडकावर उभं राहता येत होतं तिथे पाण्याचा लोंढा आला. तिथे पाण्याची कुठलीही प्रयोगशाळेतली श्रेणी निरुपयोगी होती. वरच्या डोंगरावर पाऊस किती चालू आहे, एवढा एकच आकडा कामाचा होता.

३१ जुलै

पहाटेच्या बैठकीत होकार मिळाला. आणि गंमत बघा, त्याच रात्री पॅरिसमध्ये पाऊस झाला. बायकांची शर्यत सुरू झाली तेव्हा रस्ते ओले होते आणि सायकलच्या टप्प्यात काही जणी घसरून पडत होत्या. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटलं असेल की काल उन्हात शर्यत ढकलली आणि आज पावसात घेतायत, हे काय डोकं आहे!

डोकं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. पाऊस पडला की त्याच क्षणी पोहण्याच्या जागी पाणी बिघडत नाही. आधी बोगदे भरतात, मग टाकी भरते, मग गरज पडली तर सांडवे उघडतात, मग वरच्या अंगाची घाण वाहत वाहत खाली येते. या सगळ्याला तास लागतात. हलक्या सरींत तर सांडवा उघडायची वेळच येत नाही. त्यामुळे २६-२७ च्या मुसळधारेचं पाणी ३० तारखेपर्यंत नडत राहिलं आणि ३१ च्या पहाटेची सर शर्यतीला फार आडवी आली नाही. जोखणाऱ्याने आकाशाकडे बघायचं ते आत्ताच्या नाही, कालच्या आणि परवाच्या. पुढच्या दिवसांनी याचीच साक्ष दिली. त्यानंतर झालेल्या पावसापायी मिश्र रिलेआधीचे सराव, ३ आणि ४ ऑगस्टचे, रद्द झाले. रिले ५ तारखेला झाली आणि जर्मनीने जिंकली. पॅरालिंपिकमध्येही १ सप्टेंबरची ट्रायथलॉन पाण्यापायी २ तारखेवर गेली.

पोहून बाहेर आलेल्यांचं म्हणणं एकसारखं नव्हतं. बेल्जियमच्या योलीन फेरमेलेननी तर पुलाखालून जाताना ज्या गोष्टी दिसल्या आणि लागल्या त्यांचा फार विचार न केलेलाच बरा, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. मग त्याच संघाची क्लेअर मिशेल आजारी पडली, बेल्जियमने रिलेतून माघार घेतली आणि जगभर मथळे झळकले की सीनने ई. कोलाय दिला. काही दिवसांनी तिनेच खुलासा केला की रक्ततपासणीत विषाणू निघाला, ई. कोलाय नव्हे. खुलासा आतल्या पानावर गेला. नदीत पोहल्यानंतर आजारी पडणं आणि नदीत पोहल्यामुळे आजारी पडणं यांत जो फरक आहे तो सिद्ध करणं फार कठीण असतं. म्हणूनच पाण्याची परीक्षा आधी करायची, आजाऱ्यांची मोजदाद करून नाही.

उलट बाजूनेही हे खरं. ई. कोलायचा आकडा कमी म्हणजे सगळं कुशल, असंही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तो लेप्टो उंदरांच्या मुतातून येतो आणि या आकड्यात तो दिसेलच असं नाही. साचलेल्या तलावात निळं-हिरवं शेवाळ धरलं तर त्याची विषं वेगळी, त्यांचं माप वेगळं. तलाव आणि नदी यांची परीक्षाच वेगळी घ्यावी लागते. नदी बिघडते पटकन आणि सुधारतेही पटकन, कारण पाणी पुढे निघून जातं. तलाव बिघडायला वेळ घेतो आणि एकदा बिघडला की मुक्काम करतो.

मग चुकलं काय?

निर्णय बरोबर होते असं मी म्हणतो. ३० चा नकार बरोबर, ३१ चा होकारही बरोबर. चुकलं ते सांगण्यात. शर्यतीच्या दिवसांतले आकडे लोकांसमोर लगेच आले नाहीत, ‘पाणी मर्यादेत आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच यायचं. ज्याला पोहायचंय त्याला कालचा आकडा, तो कुठल्या जागेचा, नमुना किती वाजता घेतला आणि मधल्या काळात पाऊस किती झाला, हे चार रकाने मिळाले असते तर अफवांना जागा कमी उरली असती. श्रेणी हा निष्कर्ष असतो. नुसता निष्कर्ष दिला की माणसं एक तर आंधळा विश्वास ठेवतात, नाही तर मुळीच ठेवत नाहीत.

पुढच्या वर्षी पॅरिसने हे जास्त शहाणपणाने केलं. ५ जुलै २०२५ पासून सीनमध्ये सामान्य लोकांसाठी तीन जागा खुल्या झाल्या. एक ब्रा मारीला, एक बेर्सीला आणि एक ग्रेनेलला, आयफेल टॉवरजवळ. फुकट प्रवेश, जीवरक्षक, कमरेला पिवळा फुगा बांधूनच पाण्यात, आणि रोज बदलणारे हिरवे, पिवळे, लाल झेंडे. सुरुवात होते न होते तोच पाऊस आला आणि लाल झेंडा लागला. काहींनी याला फजिती म्हटलं. मला तर त्या दिवशी व्यवस्था पहिल्यांदा व्यवस्थेसारखी वागताना दिसली. ऑलिंपिकमध्ये नाही म्हणणं ही जागतिक बातमी होती, इथे तो मंगळवार-बुधवारचा रिवाज झाला. झेंडा लाल, मग टॉवेल खांद्यावर टाकून घरी.

आपल्याकडे पोहणं हा छंद असलेले थोडे आणि नदीत उतरणारे कोट्यवधी. स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत. विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे ५०० असावेत, जास्तीत जास्त २५०० चालतील. प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, ३ च्या आत. कोलिफॉर्म हा ई. कोलायपेक्षा मोठा गट आहे आणि मोजायची रीतही वेगळी, तेव्हा आपले २५०० आणि त्यांचे १००० शेजारी ठेवून ‘आपण अडीच पट घाण चालवून घेतो’ असा हिशेब मांडू नये. खरा फरक कालावधीचा आहे. आपल्याकडच्या नद्यांचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ साधारण महिन्यातून एकदा घेतं. नदीची प्रकृती वर्षानुवर्षं कशी बदलते हे समजायला ते पुरेसं आहे. रविवारी सकाळी उतरायचं का, याला नाही.

आणि नाशिकचा सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतो, प्रयागसारखा माघात नाही. म्हणजे गोदावरीवर पाऊस, गंगापूर धरणाचा विसर्ग आणि लाखो माणसं एकाच सकाळी. पर्वणीला राखीव दिवस नसतो, तिथी पुढे ढकलता येत नाही. पॅरिसचं मुख्य हत्यारच तिथे चालत नाही. मग उरतं ते दुसरं, वरच्या अंगाला नाले अडवणं, धरणातून स्वच्छ पाणी कधी आणि किती सोडायचं ते तासांच्या हिशेबाने ठरवणं, आणि घाटाघाटाला त्या त्या पहाटेचा आकडा हातात असणं. विसर्ग वाढवला की घाण पातळ होते पण पायाखालचा जोरही वाढतो. एक माप सुधारताना दुसरं बिघडतं. गुडघाभर पाण्यात बुडी मारणाऱ्या म्हाताऱ्या आजीबाईंसाठी ती रेघ कुठे मारायची, हा गणिताचा प्रश्न आहे आणि तो आधीच्या कोरड्या महिन्यांत बसून सोडवावा लागेल.

आमच्या गटात सीननंतर एक वही सुरू झाली. चार रकाने. गेल्या तीन दिवसांतला पाऊस, वरून विसर्ग सोडलाय का, पांढरी थाळी दोरीने सोडल्यावर किती हातांपर्यंत दिसते, आणि शेवाळाची साय आहे का. पहिले दोन रकाने घरूनच भरायचे, काठावर जाऊन नाही, कारण काठावर गेलं की पाणी बोलावतं. आणि कुठल्याही एका रकान्यात फुली पडली तर पोहणं नाही, बाकीचे कितीही चांगले असोत. बेरीज करायची नाही असं पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. मागच्या जुलै-ऑगस्टमधले नऊपैकी सात रविवार पोहण्याविना गेले. थाळी चार हातांवर नाहीशी होत होती.